केळीभावाची साइट सकाळी बसते, सर्व्हर केवढा घ्यावा?

भाऊ, तुमची साइट रावेर-सावद्याकडच्या केळीच्या भावांची, दिवसाला लाखभर पानं उघडतात आणि सकाळी भाव टाकला की साइट बसते. आता ३२ कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्र काम करणारा एकेक भाग) जुना सर्व्हर स्वस्तात मिळतोय, तो घेऊन जळगावच्या ऑफिसात ठेवावा का, असं विचारताय. मी जळगावातच हे काम करतो. नका घेऊ.

दिवसाचा लाख हा आकडा आधी डोक्यातून काढा. लाख पानं चोवीस तासांत सारखी वाटली तर सेकंदाला जेमतेम एक येतं, ते कुठलंही मशीन ओढेल. पण भाव आला की शेतकरी, व्यापारी, गाडीवाले एकदमच मोबाइल उघडतात. त्यातली ८० हजार पानं एका तासात आली असं धरा, म्हणजे सेकंदाला २२. एका पानाला प्रोसेसरचे २०० मिलिसेकंद लागत असतील तर साडेचार कोअर गुंतले. पहिल्या दहा मिनिटांची झुंबड म्हणून दुप्पट धरा, नऊ झाले. ३२ येतात कुठून?

आणि नऊही लागू नयेत. भाव सकाळी एकदा ठरतो, मग हजार लोकांसाठी डेटाबेसला हजार वेळा तेच कशाला विचारायचं? एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये ते पान मिनिटभर कॅश करा, म्हणजे तयार करून साठवून ठेवा. बहुतेकांना तयार पान जाईल आणि चार कोअर आरामात पुरतील. हे आधी करा, फुकट आहे.

पैसे घालायचे ते रॅम आणि डिस्कमध्ये. पान बनवणारी पीएचपीची एक प्रोसेस ५० एमबी खाते असं धरलं तर ५० प्रोसेसना अडीच जीबी. वर मायएसक्यूएल या डेटाबेसचा बफर पूल, म्हणजे डेटा ठेवायची रॅममधली जागा, एवढा हवा की रोज लागणारा डेटा त्यात मावेल. तुमच्यासाठी १६ जीबी घ्या, शक्यतो ईसीसी, म्हणजे स्वतःच्या चुका दुरुस्त करणारी. या प्रोसेस सांभाळणाऱ्या पीएचपी-एफपीएममध्ये त्यांची कमाल संख्याही बांधून ठेवा. ती मोकाट वाढली की रॅम संपते, मशीन स्वॅपवर जातं, म्हणजे रॅमऐवजी संथ डिस्क वापरतं, आणि साइट बसायचं हे फार नेहमीचं कारण आहे.

जुन्या सर्व्हरमध्ये फिरती हार्डडिस्क असेल तर ७२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे सुटी वाचनं करते. चांगली एनव्हीएमई, म्हणजे न फिरणारी, चिपवरची वेगवान डिस्क, तेच लाखांत करते. गर्दीच्या वेळी सर्व्हरवर टॉप कमांड लावा, मशीनचा वेळ कशात जातो ते ती टक्क्यांत दाखवते, आणि ‘डब्ल्यूए’चा, म्हणजे डिस्कची वाट बघण्याचा, आकडा बघा. तो तीस-चाळीसवर आणि ‘यूएस’, म्हणजे प्रोग्रॅम चालवण्याचा आकडा, पंधराच्या आत असेल, तर प्रोसेसर डिस्कची वाट बघत बसलाय. तिथे कितीही कोअर वाढवा, फरक पडणार नाही. दोन डिस्क रेड १ मध्ये, म्हणजे दोन्हीवर एकच डेटा राहील अशा, लावा, पण त्याला बॅकअप समजू नका. चुकून टेबल उडवलं तर दोन्हीकडून उडतं. बॅकअप दुसऱ्या गावी ठेवा.

ऑफिसात ठेवायला माझा सगळ्यात जास्त विरोध आहे. सर्व्हरमध्ये शिरणारी हवा १८ ते २७ अंशांची असावी अशी अ‍ॅश्रे या संस्थेची शिफारस आहे, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. वीज गेली की इन्व्हर्टरवर सर्व्हर चालेल, एसी नाही. जूनच्या वादळात केळी आडवी होते, तारा तुटतात, आणि नेमका त्याच दिवशी माणूस भाव बघायला धडपडत असतो. त्या दिवशी साइट बंद असून कसं चालेल?

मुंबईच्या डेटासेंटरमधलं मशीन भाड्याने घ्या. अ‍ॅमेझॉनचं मुंबई रीजन, म्हणजे तिथली त्यांची डेटासेंटरं, २०१६ पासून आहे, इतरांचीही सोय आहे. चार कोअर, १६ जीबी रॅम, एनव्हीएमई, एवढ्याने सुरुवात करा, वाढवता नंतर येतं.

घडांचे फोटो मात्र लहान करा. पान २ एमबीचं असेल तर सेकंदाला २२ पानं म्हणजे ३५० एमबीपीएस लाइन भरते, २०० केबीवर आणलं तर ३५.

उद्या सकाळच्या गर्दीत टॉप आणि फ्री (रॅम किती मोकळी ते दाखवणारी) या दोन्ही कमांडचे आकडे घेऊन इथेच टाका. कमी काय पडतंय ते त्यावरून नेमकं सांगतो.