दोन घरांना जोडणारे साधन

प्रश्न : आई-वडील आणि आजी वेंगुर्ल्याला, तर भाऊ-वहिनी आणि त्यांची मुले डोंबिवलीला राहतात. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी या दोन घरांना जोडणारे एखादे साधन मला तयार करायचे आहे. सर्वांकडून प्रश्नावली भरून घेतली. पण ‘फोन पुरेसा आहे’ यापलीकडे कोणीच काही लिहिले नाही. खरी गरज कशी ओळखावी?
– एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : या उत्तरांवरून गरजच नाही असे समजू नये. जी वस्तू घरात कधी आलीच नाही, तिच्याविषयी माणसे आधी काय सांगणार? स्वीडन, फ्रान्स आणि अमेरिकेतील कुटुंबांबरोबर काम करणाऱ्या संशोधकांनी २००३ साली मांडलेली पद्धत आपल्याला उपयोगी पडेल. अगदी साधी, मुद्दाम अपुरी ठेवलेली साधने त्यांनी घरोघरी नेऊन ठेवली आणि माणसे त्यांचे काय करतात हे पाहिले. एक होता दूरदूरच्या घरांतून लिहिता येणारा चिठ्ठ्यांचा पडदा (स्क्रीन). दुसऱ्यात कॅमेऱ्यासमोरचे दृश्य काही सेकंद स्थिर राहिले की छायाचित्र आपोआप निघून दुसऱ्या घरी दिसे आणि कालांतराने पुसट होत जाई. ती कशासाठी वापरायची हे ठरवून दिलेले नव्हते, आणि माझ्या मते या पद्धतीचे मर्म तेच आहे.

आपणही दोन जुन्या टॅब्लेटवर केवळ बोटाने लिहिण्याची आणि चित्रे काढण्याची सोय करावी. ते कोठे ठेवायचे हे मात्र आजी आणि वहिनी यांनाच ठरवू द्यावे, कारण ओटीवरचा पडदा आल्यागेल्याचा होतो आणि स्वयंपाकघरातला घरच्या बायकांचा. मे महिन्यात फणस फोडताना आजींचे हात चिकाने आणि खोबरेल तेलाने माखलेले असतात, तेव्हा पडद्याला बोट कसे लावणार? ही अडचण प्रश्नावलीत कधीच उमटणार नाही. साधन घरात राहिले तरच ती दिसेल, आणि मग आवाजात निरोप ठेवण्याची सोय सुचेल. पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क दोन्ही जातात, म्हणून लिहिलेली चिठ्ठी जपून ठेवून संपर्क येताच पाठवण्याची व्यवस्था आरंभापासूनच हवी.

मुलांना शेवटी चाचणीपुरते बोलावू नये. अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठात संशोधक अ‍ॅलिसन ड्रुइन यांनी मुलांना रचनेतील बरोबरीचे भागीदार मानून काम केले. गणपतीला सगळे गावी येतील, तेव्हा मखराचा उरलेला पुठ्ठा, गोंद आणि कात्री पुतण्यांच्या हाती देऊन, आजींना शेजारी बसवून नमुने करून घ्यावेत.

कॅमेरा लावायचाच असेल तर त्याला हाताने सरकवता येईल असे झाकण असावे. वापराच्या नोंदी कोणी आणि केव्हा एवढ्याच ठेवाव्यात. मजकूर वाचायचा झाल्यास मुलांसह प्रत्येकाची संमती घ्यावी.