घर बंद, तरी मीटरचा दिवा का लुकलुकतो?

प्रश्न : गावी जाताना आम्ही घरातले सर्व दिवे व पंखे बंद करतो, फ्रीजही रिकामा करून बंद ठेवतो. तरीही मीटरवरचा लाल दिवा मधूनमधून लुकलुकतच असतो. घड्याळ लावून पाहिले, तेव्हा दोन लुकलुकींमध्ये सुमारे ४५ सेकंद गेले. ही वीज मीटर स्वतःच खातो का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : नाही. मीटरला स्वतःला लागणारी वीज अत्यल्प असते आणि ती आपल्या युनिटांत मोजली जात नाही. आपण घड्याळ लावलेत हे फार चांगले केलेत, कारण उत्तर त्या ४५ सेकंदांतच आहे.

मीटरच्या दर्शनी भागावर एका युनिटमागे दिवा किती वेळा लुकलुकेल, तो आकडा छापलेला असतो. घरगुती मीटरवर तो अनेकदा ३२०० असतो. आपला वेगळा असल्यास पुढील हिशेबात तो घ्यावा. एक युनिट म्हणजे १००० वॉटचे उपकरण तासभर चालल्यास लागणारी वीज. त्यावरून असे सोपे सूत्र मिळते, की ११२५ (म्हणजे ३६,००,००० भागिले ३२००) या संख्येला दोन लुकलुकींमधील सेकंदांनी भागले असता त्या क्षणी घरात किती वॉट वीज खर्च होत आहे ते कळते. २००० वॉटचा गीझर लावल्यावर दिवा सेकंदाला जवळजवळ पावणेदोन वेळा लुकलुकेल, तर ९ वॉटचा एकच एलईडी बल्ब चालू असेल तर दोन मिनिटांहून थोडे अधिक थांबावे लागेल. आपल्या ४५ सेकंदांचा अर्थ २५ वॉट. ही वीज अखंड खर्च होत राहिली, तर महिन्याला १८ युनिटे होतात.

पूर्वीच्या मीटरमध्ये हेच काम ॲल्युमिनियमची फिरती चकती करत असे. हंगेरीतील अभियंता ओट्टो ब्लाथी याने १८८९ मध्ये अशा मीटरचे पेटंट घेतले. घरात काहीच चालू नसताना चकती आपोआप सरकत राहू नये, म्हणून तिला समोरासमोर दोन छिद्रे पाडलेली असत. ग्राहकाच्या हिशेबाची इतकी काळजी त्या काळीही घेतली जात होती, ही मला मोठी गोष्ट वाटते.

मग हे २५ वॉट कोठे जातात? पहिला संशय मी सेट-टॉप बॉक्सवर घेईन. रिमोटने बंद केला, तरी अनेक बॉक्सांचा आतला बराचसा भाग चालूच राहतो आणि त्यांचा वीजवापर फारसा घटत नाही. त्यानंतर वायफायचा राउटर आणि भरलेली बॅटरी राखणारा इन्व्हर्टर यांचा क्रम लागतो. मोबाइलच्या रिकाम्या चार्जरला लोक उगाच दोष देतात. चांगल्या स्थितीतील चार्जर एक वॉटचाही थोडाच अंश घेतो.

खात्री करून घ्यायची असेल, तर एकेक एमसीबी (घराच्या एकेका भागाची वीज तोडणारा मुख्य फळीवरचा छोटा स्विच) खाली पाडत जावे आणि प्रत्येक वेळी दोन-तीन मिनिटे दिव्याकडे पाहावे. ज्या एमसीबीनंतर अंतर वाढेल, त्या भागात दोषी सापडेल. सर्व उपकरणांच्या पिना काढूनही लुकलुक चालूच राहिली, तर वायरिंगमधून वीज गळत असण्याचा संभव आहे. अशा गळतीने शॉक बसू शकतो, म्हणून जाणत्या वायरमनकडून तपासणी करून घेण्यास विलंब करू नये. मेन स्विच बंद केल्यावरही दिवा लुकलुकत असेल, तर मीटर आणि मेन स्विच यांच्या दरम्यान गळती आहे किंवा कोणी तेथून जोडणी घेतली आहे, असा संशय धरून वीज कंपनीकडे लेखी तक्रार करावी. मीटरच्या सीलला मात्र हात लावू नये. काही मीटरवर वीजवापर थांबला, की दिवा लुकलुकण्याऐवजी एकसारखा पेटून राहतो. त्याने घाबरण्याचे कारण नाही.

पुढच्या वेळी गावी जाताना सेट-टॉप बॉक्स आणि राउटर भिंतीवरच्या बटणानेच बंद करावेत. इन्व्हर्टर मात्र काही महिन्यांसाठी जाणार असाल, तर बंद करण्यापूर्वी विक्रेत्याला विचारावे, कारण त्याची शिसे-आम्लाची बॅटरी चार्जिंगविना पडून राहिली की हळूहळू उतरते आणि खराब होते.