दुर्बीण राहू द्या, नारळ आणि सुपारी न्या

ताई, गोव्यातली डिचोलीजवळची शाळा, पाचवी-सहावीची बावीस मुलं, हाताशी दोन हजार रुपये. त्यात दुर्बीण घ्यावी की प्लास्टिकची सूर्यमाला, असं तुम्ही विचारलंय. माझं मत, दोन्ही नकोत. त्या किमतीची दुर्बीण चंद्रावर ठरेपर्यंत मुलं कंटाळतात, आणि तयार सूर्यमालेतली अंतरं सगळी खोटी.

घरून एक सोललेला नारळ आणि एक सुपारी न्या. नारळ ११ सेंटीमीटरचा, सुपारी ३ सेंटीमीटरची निवडा. पृथ्वी आणि चंद्राचं प्रमाण हेच. मग विचारा, चंद्र किती लांब धरू? माझ्या वर्गात बहुतेक जण वीतभर म्हणतात. खरं अंतर तीस नारळ ओळीत मांडल्याएवढं, म्हणजे जवळजवळ ३.३ मीटर. सुपारीवाला मागे मागे जात दाराला टेकतो तेव्हा वर्ग गप्प होतो. सूर्य? १२ मीटर रुंद, जवळजवळ तेराशे मीटरवर. तो गावात कुठे येईल ते मुलांनाच शोधू द्या. मात्र आधी अंदाज वदवून घ्यायचा, मगच मोजायचं. उलट केलंत तर तो नुसता नारळ उरतो.

चंद्राच्या कलांसाठी अंधारी खोली, सूर्य म्हणून एक उघडा बल्ब, चंद्र म्हणून काडीला टोचलेला चेंडू, आणि पृथ्वी म्हणजे मुलाचं डोकं. पहिल्या वर्षी मी चेंडू डोक्याच्या उंचीवर धरायला लावला. पुनव आली की डोक्याची सावली पडून चेंडू काळा! एका मुलीनं विचारलंच, "सर, मग दर पुनवेला ग्रहण?" चेंडू जरा वर धरायचा होता. चंद्राची कक्षा ५ अंशांनी कललेली आहे, हे त्या वर्षी फळ्यावर लिहावं लागलं नाही.

बिनपैशाचं साधन म्हणजे अंगणात ओळंब्यात रोवलेली मीटरभर काठी. 'बारा वाजता सूर्य डोक्यावर' हे पाठांतर ती एका दिवसात मोडते. आपली मध्यान्ह, म्हणजे सूर्य सगळ्यांत उंच असतो ती वेळ, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२.१८ च्या सुमारास, फेब्रुवारीच्या मध्यावर पावणेएक उलटून. डिसेंबरअखेर त्या वेळची सावली ८० सेंटीमीटर, मार्चच्या विषुवदिनी २८, मेच्या पहिल्या आठवड्यात शून्य, आणि नंतर चक्क दक्षिणेला. नेमकी तेव्हाच सुट्टी असते, म्हणून मी मुलांना काठी घरच्या अंगणात रोवायला सांगतो. ऑगस्टमध्ये सावली दुसऱ्यांदा नाहीशी होते, पण पावसात कोण बघणार! सूर्याकडे थेट पाहायचं नाही, हे मात्र रोज बजावा.

पैसे खर्चायचेच असतील तर एक बरा पृथ्वीगोल घ्या. स्टँडवरून काढून उन्हात वाटीवर असा ठेवा की गोवा अगदी माथ्यावर येईल आणि उत्तर ध्रुव उत्तरेकडे. गोलावरची उन्हाची कड म्हणजे त्या क्षणी खऱ्या पृथ्वीवरची दिवस-रात्रीची सीमा. आमच्याकडे कुणाचा काका दुबईला, कुणाची मावशी लंडनला. तिथे उजाडलंय का हे मुलं गोलावर बघून सांगतात, आणि घरी जाऊन फोन लावून खात्री करतात.