आधी माणसं, मग विषय

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. तिशीच्या आत कादंबरी, त्याआधी एक कथासंग्रह, आणि दरवर्षी एखाद्या नावाजलेल्या दिवाळी अंकात निदान एक कथा, असं तू बारावीत असताना वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं होतंस. आता तिशी जवळ आली, कादंबरी चाळीस पानांवर अडली, कथा साभार परत आल्या, आणि तू विचारतेस की लिहिणं सोडू की ग्रामपंचायतीतली नोकरी सोडू. दोन्ही सोडू नकोस. वहीचं ते पहिलं पान तेवढं सोड.

त्या पानावर वय आहे, पुस्तकाचा प्रकार आहे, छापून येण्याची जागा आहे. तुला काय सांगायचंय, याबद्दल एक शब्द नाही. बारावीतल्या मुलीला लेखक कळतो तो पुस्तकाच्या मागच्या पानावरच्या परिचयावरून, त्यामुळे तिनं तसंच लिहिणं साहजिक होतं. पण तू आता संगणक परिचालक आहेस. जन्ममृत्यूच्या नोंदी, रहिवासी दाखले, घराच्या आकारणीचा नमुना आठ यांच्या निमित्तानं अख्खं गाव तुझ्या टेबलासमोर येऊन बसतं. त्या मुलीला ठाऊक नव्हतं ते तुला ठाऊक आहे. मग तिचं वेळापत्रक तू का पाळायचं?

आता तू पाठवलेल्या यादीबद्दल. मोबाइलमधल्या, स्वतःलाच व्हॉट्सअॅप केलेल्या, पावत्यांच्या मागे खरडलेल्या सगळ्या कल्पना एकत्र केल्यास, हे फार चांगलं झालं. पण त्यांचे गठ्ठे केलेस ते 'शेतकरी', 'दुष्काळ', 'स्त्री', 'प्रेम' असे. हे निबंधाचे मथळे आहेत गं. 'शेतकरी'खाली बहुतेक ठिकाणी नुसतं 'कर्ज, नापिकी, शेवट' एवढंच आहे. माणसाचं नाव नाही, वय नाही, त्याच्या वावरात पराटी, म्हणजे कपाशी, होती की सोयाबीन, तेही नाही. आत्महत्येवर लिहू नकोस असं मी म्हणणार नाही. ती मरणं आपल्या घरांतली आहेत, त्यांच्यावर लिहिलंच पाहिजे. पण विदर्भ म्हटलं की बाहेरच्या वाचकाला जे अपेक्षित असतं, ते पुरवण्यासाठी तू लिहायला बसशील तर तुझ्या हातून बातमी होईल, आणि बातमी त्याच्याकडे तुझ्याआधीच पोचलेली असते.

खरा ऐवज मला सापडला तो तू शेवटी 'इतर' म्हणून ढकलून दिलेल्या गठ्ठ्यात. घर आपल्या नावावर लावायला येणारी विधवा, आणि तिला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देणारा तिचा दीर. पाडव्याला साल धरून, म्हणजे वर्षभराच्या बोलीवर शेतात राबायला लागून, पोळ्याआधीच काम सोडणारा सालदार. सीतादहीच्या, म्हणजे कापूसवेचणीच्या आरंभाच्या पूजेच्या, दिवशी पहिला कापूस कोणी वेचायचा यावरून अबोला धरलेल्या दोन जावा. यांतल्या प्रत्येकाला काहीतरी हवंय आणि ते मिळत नाहीये. कथा तिथूनच सुरू होते.

गठ्ठे कसे बांधायचे, हे शिकायला आपल्याला लांब जावं लागत नाही. मोर्शी तालुक्यातलं, महानुभाव पंथाचं रिद्धपूर तू पाहिलं आहेसच. तेराव्या शतकात त्या पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी उत्तरेकडे निघून गेल्यावर त्यांचे अनुयायी म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी गोळा केल्या. ज्यांनी स्वामींना पाहिलं, ऐकलं होतं, त्यांना गाठून विचारलं. एकच प्रसंग दोघांनी वेगळा सांगितला, तर पोथ्यांत दोन्ही पाठ राहू दिलेले दिसतात. कोणाच्या आठवणीत तो कसा आहे, हे तिथे नावानिशी नोंदलेलं आहे. आणि मांडणी केली ती स्वामींच्या आयुष्याच्या क्रमानं: ते एकटे फिरत होते तो काळ एकांकात, पुढचं पूर्वार्धात आणि उत्तरार्धात. लीळाचरित्र असं उभं राहिलं. त्यातली वचनं वेगळी काढून सूत्रपाठ हा वचनसंग्रह रचण्याचं काम नंतर त्याच पंथातल्या केसोबासांनी केलं. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आधी माणूस, प्रसंग, बोलणं. तत्त्व काढायचं ते मागाहून. तू तत्त्वापासून सुरुवात करतेस आणि मग त्यात बसणारा माणूस शोधत फिरतेस.

म्हणून यादी नव्यानं लिही. एका कल्पनेला एक कागद. कोणी सांगितलं, कधी सांगितलं, नेमकं काय बोललं ते जसंच्या तसं वऱ्हाडीत. त्या माणसाला काय हवंय आणि आडवं कोण येतंय. पुढे काय झालं हे माहीत असेल तर तेही. ज्या कागदावर माणूसच उतरला नाही, तो फाडू नकोस, वेगळ्या पिशवीत टाक; कधीतरी त्यातला विषय घेऊन कोणी तुझ्यासमोर येऊन बसेल. काही कागदांवर तुला फक्त बोलणंच लिहावंसं वाटेल. जावांचं तसंच होईल असा माझा अंदाज आहे. ते नाटक म्हणून लिहून बघ. तिकडे झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, वडसा-देसाईगंजच्या नाट्यमंडळ्या हिवाळाभर गावोगाव रात्र-रात्र प्रयोग करतात, आणि त्यांना दर हंगामाला नवं नाटक लागतं. छापील पुस्तक हेच एक ध्येय धरून बसलीस तर हा रस्ता तुला दिसणारच नाही.

एक पथ्य मात्र कडक पाळ. दप्तरातलं दप्तरात राहू दे. गाव लहान आहे, दीर कोण आणि विधवा कोण हे दुसऱ्या दिवशी पारावर कळेल. गाव बदल, नातं बदल, दोन माणसांचं एक कर. तिच्या दुःखातून तुला कथा मिळावी आणि तिला मात्र बोलणी बसावीत, हे होता कामा नये.

वेळेचंही बघ. दिवाळी अंकांची प्रथा १९०९ साली 'मनोरंजन'नं सुरू केली, तेव्हापासून मराठी कथेचा हंगाम दिवाळी. पण संपादक कथा मागतात त्या पावसाळ्यात, आणि तेव्हा तुमच्याकडे डवरण-निंदण चालू असतं, सुट्टीच्या दिवशी तूही वावरात असतेस. त्या दिवसांत नवं लिहायला बसून रडू नकोस, फक्त ऐक आणि टिपून ठेव. उलंगवाडी होते, म्हणजे वावरातला हंगाम संपतो, मार्चअखेरची करवसुली आटोपते, तिथून पेरणीपर्यंतच्या पहाटा तुझ्या. ऊन तापायच्या आत जेवढं होईल तेवढं. वर्षाकाठी दोन कथा पूर्ण झाल्या तरी पुष्कळ.

राहिली कादंबरी. चाळीस पानं मी वाचली. पहिली तीस गावाची ओळख करून देण्यात गेलीत, आणि ती तू गाव न पाहिलेल्या वाचकासाठी लिहिली आहेस. एकतिसाव्या पानावर म्हातारी कागद बाजूला सारते आणि म्हणते, "मी नाही देत आंगठा. वावर माह्या बापानं देल्लं हाय." तिथे मी ताठ बसले. ती तीस पानं काढून टाक, या वाक्यानं सुरू कर आणि दीर्घकथा म्हणून पूर्ण कर. कादंबरी व्हायची असेल तर पुढे होईल.

ही म्हातारी तुझ्या आजीवरून आली असावी, असं मला वाटतं. तसं असेल तर अंगठा न दिल्यावर घरात त्या रात्री कोण काय बोललं, हे आधी आईला विचार. तुझ्या पानांत ती रात्र नाहीच. आई आणि काकू वेगवेगळं सांगतील, दोन्ही लिहून घे आणि मला पाठव.

तुझ्या
बाई