चाळिशीनंतर एकट्याने धंदा काढायचाय, बॉक्सिंगचा काही उपयोग होईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय 44, रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराजवळच्या बर्फ कारखान्यात 18 वर्षं मेंटेनन्सला, रोज सकाळी बॉक्सिंगचा सराव. आता नोकरी सोडून गुहागरला एकट्याने होमस्टे काढायचा, त्यासाठी राहतं घर तारण ठेवून 12 लाख उचलायचे. आणि रिंगमध्ये शिकलेलं धंद्यात कामाला येतं का, हे विचारताय.

येतं. मात्र जिद्द, आत्मविश्वास वगैरे जे सत्काराच्या भाषणांत सांगतात, त्यातलं मला तरी फारसं कामाला आलं नाही.

बॉक्सिंगशी माझी ओळख टीव्हीपुरती. मी मातीतला. चिपळूणचा माणूस कुस्तीत कसा, तर आयटीआयला मामाकडे कराडला होतो. कुंभार्ली घाट चढलं की मुलूखच कुस्तीचा. दोन वर्षं तालमीत गेलो, जत्रांमध्ये आठ-दहा कुस्त्या केल्या आणि निम्म्याहून जास्त हरलो. पुढे लोट्याच्या एमआयडीसीत 21 वर्षं इलेक्ट्रिशियन. 2018 साली, 45व्या वर्षी, चिपळूण बाजारात विजेच्या मोटारी भरायचं दुकान टाकलं. जळलेलं वायंडिंग काढायचं, नवी तांब्याची तार घालायची, वार्निश मारून भट्टीत भाजायचं. दुकानात आजही मी एकटाच.

तुम्ही गुणांच्या खेळातले आहात, म्हणून एक फरक आधी सांगतो. गादीवरच्या कुस्तीत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, डाव साधला की गुण. एका गुणाने पुढे राहिलात तरी हात वर होतो. नोकरी अशीच असते, वर्षाअखेरी साहेब गुण मोजतो. जत्रेतल्या मातीत गुण नसतात. समोरच्याने उचलून आपटलं, तुम्ही पोटावर पडलात, तोंडात माती गेली, तरी पंच नुसता बघत उभा राहतो. पाठ लागली की संपलं. नाहीतर कुस्ती चालूच.

म्हणून आमच्या वस्तादांनी पहिले तीन महिने मला एकही डाव शिकवला नाही. मी पोटावर पडायचं, पाठीवर माझ्या दीडपट वजनाचा गडी, आणि त्याने मला उलटवायचं. पाय फाकवून, कोपरं बरगड्यांशी दाबून मी मातीला चिकटायचो. श्वास कोंडायचा, रडू यायचं. वस्ताद कठड्यावर बसून एवढंच म्हणायचे, "कोकण्या, पाठ वाचव. बाकी जाऊ दे."

दुकान टाकायच्या आधी मी आणि बायको एका रात्री वही घेऊन बसलो आणि आपली पाठ कुठली ते लिहिलं. राहतं घर, तिचे दागिने, मुलीच्या शिक्षणाचे पैसे आणि आठ महिन्यांचा घरखर्च. या चार गोष्टींना हात लावायचा नाही. माझी ग्रॅच्युइटी, माझी बचत, चारचौघांतलं माझं नाव, हे सगळं मातीत गेलं तरी चालेल. या यादीमुळे मी किती वेळा वाचलो ते सांगत बसत नाही. पण तुमचा बेत वाचून मला पहिलं हेच दिसलं, की घर तारण ठेवून तुम्ही एक खांदा मातीला टेकवूनच सलामी देताय.

इथे कुणीतरी तुम्हाला खाशाबा जाधवांची गोष्ट ऐकवेल. आमच्या वस्तादांनी खाशाबांना डोळ्यांनी पाहिलेलं, गोळेश्वर कराडला लागूनच, त्यामुळे ती मी शंभरदा ऐकलीय. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले आणि खाशाबा कांस्यपदक घेऊन आले. खरी गोष्ट आहे. फक्त घर प्राचार्यांचं होतं, लढणाऱ्याचं नव्हतं, आणि प्राचार्यांना महिन्याचा पगार होता. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्या करून ते पैसे फेडले. त्याच गोष्टीतला दुसरा भाग लोक गाळतात. 1948 ला लंडनमध्ये ते सहावे आले होते. आयुष्य लाल मातीत गेलेलं आणि तिथे पायाखाली एकदम गादी. पुढची चार वर्षं त्यांनी गादीची सवय केली, तेव्हा कुठे पदक.

तुमच्या बाबतीत होमस्टे म्हणजे ती गादी. 18 वर्षं तुम्ही कॉम्प्रेसर ऐकताय. गॅस कुठून गळतोय हे तुम्हाला बहुधा आवाजावरून कळत असेल. आणि निघालात कुठे, तर पाहुण्यांना मोदक नि सोलकढी वाढायला. का, तर गुहागरात सगळेच काढतायत. जॉर्ज फोरमनचं उदाहरण तुम्हीच दिलंय, 1994 साली 45व्या वर्षी पुन्हा हेवीवेट विजेता झाला म्हणून. ती लढत मीही नंतर पाहिली. नऊ फेऱ्या तो मागे होता, दहावीत मायकल मूररला एका उजव्या ठोशाने आडवा केला. पण तो ठोसा त्याने 45व्या वर्षी शिकलेला नव्हता. वीस वर्षांपूर्वी, मुहम्मद अलीशी हरण्याच्या आधीपासून, त्याच्या हातात तोच होता. किनाऱ्याला किती मच्छी व्यापाऱ्यांची कोल्ड रूम ऐन हंगामात बंद पडते आणि मेकॅनिक कोल्हापूरहून यायची वाट बघत माल सडतो, हे माझ्यापेक्षा तुम्हाला ठाऊक. मला विचाराल तर तुमचा ठोसा तिथे आहे.

जोड लावण्याबद्दल, म्हणजे कुणाची कुस्ती कुणाशी ते ठरवण्याबद्दल, जरा सविस्तर लिहितो, कारण मी चुकलो ते इथे. जत्रेत कुस्ती हलगी वाजल्यावर सुरू होते, पण निम्मा निकाल त्याआधी, जोड लावतानाच लागलेला असतो. नवा पोरगा मोठ्या इनामाकडे बघून भारी गडी मागतो. शहाणा वस्ताद त्याचा कान धरून रेवडीच्या, म्हणजे अगदी लहान इनामाच्या, कुस्तीला उभा करतो. मी पहिल्याच पावसाळ्यानंतर एका मोठ्या कंत्राटदाराच्या 14 मोटारी घेतल्या. तांबं माझं, बेअरिंग माझी, उधारी तीन महिन्यांची. तीन महिन्यांचे सात झाले. त्या सात महिन्यांत तांब्याच्या दुकानदाराला चुकवत मी बाजारातून मागच्या गल्लीने जायचो. तेव्हा मी तालमीतल्यासारखा अक्षरशः पोटावर होतो, नि वर ते वजन. बाहेर काढलं ते मिक्सर, टेबल फॅन आणि अर्ध्या एचपीच्या पंपांनी, म्हणजे रेवडीच्या कुस्त्यांनी. रोख पैसे, दोन दिवसांत काम. आता कितीही मोठा माणूस आला तरी तांब्याचे पैसे आगाऊ घेतल्याशिवाय मी मोटार उघडत नाही. दोघे-तिघे रागावून गेले. जाऊ देत.

मग 22 जुलै 2021. वाशिष्ठी आणि शिव नदी बाजारात शिरली. माझ्या दुकानात पाणी माळ्याला लागलं. यंत्र, तार, भट्टी, गिऱ्हाइकांच्या 21 मोटारी, सगळं गाळात. शटर उघडलं तेव्हा आत ढोपरभर चिखल होता. मी पायरीवर बसलो आणि मनात यादी वाचली: घर आहे, दागिने आहेत, पोरीचे पैसे आहेत, खर्चाचे पाच महिने शिल्लक आहेत. पाठ लागलेली नव्हती. उठलो आणि फावडं मागून आणलं.

त्या महिन्यात मला समजलं की तालमीतली एक गोष्ट धंद्यात चालत नाही. दोन गल्ल्या पलीकडे दुसरा मोटार भरणारा आहे. तीन वर्षं मी त्याला समोरचा गडी समजत होतो. त्याचं दुकान चढावर, त्यामुळे भट्टी वाचलेली. तो स्वतः आला नि म्हणाला, "रात्री माझी भट्टी वापरा, दिवसा मला लागते." पुरानंतर अख्ख्या गावाचे पंप भिजलेले. मोटार उघडायची, गोड्या पाण्याने गाळ धुवायचा, पावसात ऊन नाही म्हणून पत्र्याच्या पेटीत बल्ब लावून सुकवायची. मग मेगर, म्हणजे वायंडिंगमधून वीज गळते का ते मोजायचं मीटर, लावायचा, एक मेगाओमच्या खाली असेल तर वीज द्यायची नाही, पुन्हा पेटीत. आम्हा दोघांना मिळूनही ते काम आवरत नव्हतं. तेव्हा गिऱ्हाइकाला किंवा शेजारच्या दुकानदाराला ठोसा मारायचा विचार रिंगमध्येच ठेवा. तुमच्या अंगावर वजन असतं ते महिन्याच्या खर्चाचं.

शरीराचं एकच सांगतो. पन्नाशीत 20 किलोची मोटार एकट्याने बाकावर ठेवताना माझी कंबर गेली आणि 11 दिवस दुकान बंद राहिलं. एकट्याच्या धंद्यात आजारपणाची रजा नसते. जड वस्तू साखळीने उचलायचा साडेतीन हजारांचा चेन पुली ब्लॉक आधीच घ्यायला हवा होता. तुम्ही सकाळचा सराव सोडू नका, पण समोरासमोर ठोसे खाणं आता कमी करा.

कर्जाचा आकडा तुम्ही लिहिलात, पण घरखर्च महिन्याला किती लागतो ते लिहिलं नाहीत. आणि हा बेत घरात सांगितलाय का, तेही नाही. दोन्ही कळवा, मग पुढचं बोलू. उत्तर रात्री नऊनंतरच देईन. मे महिना आहे, विहिरी तळाला गेल्यात, आणि लोक पंप कोरडे फिरवून जाळतायत.