खानदेशातील घरात माणसाची चाहूल ओळखणारी खोली कशी रचावी?

जळगावात नवे घर बांधताना दिवे, पंखे आणि कूलर माणसाच्या वावरानुसार आपोआप चालावेत, पण त्यांचा जाच होऊ नये, यासाठी काय करावे, असे आपण विचारले आहे. भुसावळ परिसरात मी याच प्रकारची कामे करतो, म्हणून उत्तर देतो.

सर्वांत आधी सेन्सर नीट निवडावा. स्वस्त पीआयआर (पॅसिव्ह इन्फ्रारेड) सेन्सर शरीरातून निघणाऱ्या अवरक्त किरणांतील बदल टिपतो, म्हणजे माणसाने हालचाल करायला हवी आणि त्याच्या व मागच्या भिंतीच्या तापमानात फरकही हवा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, स्लॅबखालच्या खोलीतील भिंती अंगाइतक्याच तापतात आणि नेमक्या त्याच दुपारी या सेन्सरला माणूस दिसेनासा होतो. जेवून आडवे झालेले आजोबा तर हलतही नाहीत, आणि पंखा बंद पडतो. म्हणून बसण्या-झोपण्याच्या खोल्यांत २४ किंवा ६० गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर चालणारा रडार सेन्सर घ्यावा. तो श्वासाबरोबर होणारी छातीची हालचालही टिपू शकतो. मात्र त्याला फिरता पंखा, हलता पडदा आणि प्लायवूडपलीकडचा माणूसही जाणवतो, त्यामुळे जागा व पल्ला घरात राहू लागल्यावर पुन्हा तपासावा लागतो. जिन्याला पीआयआर पुरतो.

कूलर केवळ तापमानावर चालवू नये. पावसाळ्यात हवा दमट झाली की पाण्याने गारवा येत नाही, नुसती चिकचिक वाढते. म्हणून आर्द्रतेचा सेन्सर जोडून पंप आणि पंखा यांचे रिले (आपोआप चालू-बंद होणारे विजेचे स्विच) वेगळे ठेवावेत.

माणूस आहे एवढे कळले, तरी त्याला काय हवे ते कळत नाही. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाचे मायकेल मोझर यांनी १९९० च्या दशकात स्वतःच्या घरातच न्यूरल नेटवर्कवर (अनुभवातून शिकणाऱ्या संगणकीय प्रणालीवर) चालणारी व्यवस्था उभारली होती. रहिवाशाने हाताने बटण दाबले की त्याची गैरसोय झाली असे मानून ही व्यवस्था त्यातून शिकत असे. माझ्या मते हेच सूत्र धरावे. भिंतीवरचे बटण काढू नये, आणि हाताने घेतलेला निर्णय निदान तासभर सेन्सरने फिरवू नये.

सारे नियंत्रण घरातल्याच यंत्रावर ठेवावे, म्हणजे इंटरनेट गेले तरी अडत नाही. रात्री वीज जाऊन आल्यावर सगळे दिवे एकदम लागू नयेत, ही सेटिंगही आठवणीने करून घ्यावी. आणि प्लास्टरपूर्वी प्रत्येक स्विचबोर्डात न्यूट्रलची (वीज परत जाण्याची) तार ओढायला सांगावी, कारण बहुतेक स्मार्ट स्विचना ती लागतेच.