आखाजीला येशील तेव्हा

चि. यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राची चारही पानं वाचली. ‘घुसमट’, ‘पोकळी’, ‘अस्वस्थता’ पानोपानी आहे, पण त्यातून मला तू काही दिसला नाहीस. दिसलास तो तिसऱ्या पानाच्या तळाशी, घाईत लिहिलेल्या ओळीत: मेसच्या ताटावर बसलं की घरची कळण्याची भाकरी आठवते, घास तोंडातच फिरतो, अन् आईचा फोन आला की ‘जेवलो’ म्हणतोस. तुझं पुण्यातलं अख्खं वर्ष त्या ओळीत आलं. असंच सांगायचं असतं रे, झालं ते झालं तसं. आणि आईला खरं सांगत जा. ती रडेल, पण तिला कळू दे.

आपल्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. ऐन तारुण्यात वैधव्य आलं. हात कामात असताना ओव्या तोंडून निघायच्या, घरच्या बोलीत, समोरच्या जात्या-मोटेवरच्या. मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी त्या टिपून ठेवल्या, म्हणून त्यांच्या पश्चात १९५२ साली पुस्तक निघालं. आधी बोलणं झालं, कागद फार नंतर आला.

आपल्याकडे खानदेशात पोरींना आखाजीचा, म्हणजे अक्षय तृतीयेचा, झोका आहे. माहेरी आल्या की लिंबाला झोका बांधतात, गाण्यातून सासरला चार शब्द ऐकवतात, जीव हलका करतात. पोरांसाठी असं काहीच राखलेलं नाही, हे मला फार सलतं. बाप-लेक कापसाच्या भावावर तासभर बोलतील, मनातलं मात्र ओठांच्या आत.

आबांना फोनवर सांगू नकोस. ‘बरं, बरं’ म्हणून ते फोन आईकडे देतील. आखाजीला येशील तेव्हा वावरातल्या ठिबकच्या नळ्या गुंडाळायच्या असतील. एक टोक त्यांच्याकडे, एक तुझ्याकडे, दोघांची नजर नळीवर. तेव्हा बोल. ‘आबा, माले तठे करमत नही,’ एवढंच म्हण आणि थांब. कारणं लगेच मांडलीस तर ते एकेक कारण खोडत बसतील. कदाचित पुरी ओळ गुंडाळून होईस्तोवर गप्प राहतील. राहू दे. आवाज चढला तरी जागा सोडू नकोस.

परीक्षा द्यायची की नाही, ते त्यानंतर तिघं बसून ठरवू. मी गावातच आहे. आबांनी हाक मारली तर वावरात येईन.